इंग्रजी शब्दांची सुरुवातीची अक्षरे सारखी असली, तर अर्थही जुळतात का?

आपल्या प्रश्नाचा आशय असा, की आठवीतल्या मुलीला शिकवणीत इंग्रजी शब्दांचे आरंभीचे तुकडे पाठ करायला दिले आहेत: ‘पेड’ म्हणजे पाय, ‘इन’ म्हणजे नकार, ‘होमो’ म्हणजे सारखे. मग लहान मुलांच्या डॉक्टरला पीडियाट्रिशियन का म्हणतात, असे तिने विचारले आणि आपण निरुत्तर झालात. मी पुण्यातल्या एका शाळेत बरीच वर्षे इंग्रजी शिकवले असून हा प्रश्न वर्गात जवळजवळ दरवर्षी येत असे. तिची शंका योग्य आहे.

पेडेस्ट्रियन, पेडल, पेडिक्युअर या शब्दांतला ‘पेड’ लॅटिन असून त्याचा अर्थ खरोखरच पाय असा आहे, आणि संस्कृतातल्या ‘पाद’ शब्दाशी त्याचे सख्खे नाते आहे. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होऊ लागला. त्यातला ‘पादचारी’ आणि इंग्रजी बातम्यांतला ‘पेडेस्ट्रियन’ हे दोन्ही शब्द म्हणूनच एकाच जुन्या मुळावरून आलेले आहेत. पीडियाट्रिशियनमधला तुकडा मात्र ग्रीक आहे, त्याचा अर्थ मूल, आणि शब्दाच्या पुढच्या भागात वैद्य दडलेला आहे. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी, ए, ई, डी अशी अक्षरे येत असल्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. अमेरिकनांनी त्यातला ए गाळला आणि दोन परके शब्द एकसारखे दिसू लागले. पेडॅगॉग या शब्दातही हेच ग्रीक मूल आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मुलाला शिक्षकाकडे नेऊन पोहोचवणाऱ्या गुलामाला त्या शब्दाने ओळखत असत. माझ्या एका विद्यार्थ्याने त्याचा अर्थ ‘पायी हिंडणारा माणूस’ असा लिहिला होता. तो गुलाम चालतच जात असणार, म्हणून मी त्याला अर्धा गुण दिला. पेडिग्री या शब्दाची गंमत तर आणखी निराळी आहे, कारण त्यात पाय आहे, पण तो क्रौंच पक्ष्याचा! वंशावळीत पिढ्या जोडण्यासाठी जी तीन फाट्यांची खूण काढत, ती जुन्या फ्रेंचांना त्या पक्ष्याच्या पावलासारखी वाटली.

‘इन’ची अडचण अधिक गंभीर आहे, कारण ती जिवावर बेतू शकते. इनकरेक्ट, इनव्हिजिबल यांतला ‘इन’ नकाराचा असून तो आपल्या ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा भाऊबंदच आहे. परंतु लोणी काळभोरकडून पुणे-सोलापूर रस्त्याने येणाऱ्या इंधनाच्या टँकरवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्या ‘इन’चा अर्थ ‘आत’ किंवा ‘मध्ये’ असा असतो आणि पूर्ण शब्दाचा अर्थ ‘चटकन पेट घेणारे’ असा होतो. पाठ केलेल्या यादीवर विसंबणारे मूल त्याचा नेमका उलटा अर्थ लावील. हा धोका ओळखूनच पुढे ‘इन’ काढून टाकलेला ‘फ्लेमेबल’ हा शब्द रूढ करण्यात आला. इनव्हॅल्युएबलमध्ये नकार आहे, तरीही त्याचा अर्थ निरुपयोगी असा होत नाही. आपला ‘अमूल्य’ ज्या रीतीने घडला, त्याच रीतीने तो घडला आहे. शिवाय हा ‘इन’ पुढच्या अक्षराप्रमाणे रूपही बदलतो. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ज्याप्रमाणे ‘उल्लेख’ होतो, त्याचप्रमाणे ‘इन’ आणि ‘लीगल’ मिळून ‘इल्लीगल’ होतो. मुलीला संधी शिकवली गेली असेल, तर हे तिला एका क्षणात कळेल.

‘होमो’बद्दल थोडक्यात सांगतो. होमोफोनमधला ग्रीक ‘होमो’ म्हणजे आपला ‘सम’च, मात्र होमिसाइड, म्हणजे मनुष्यवध, या शब्दातला लॅटिन ‘होमो’ म्हणजे माणूस. होमिओपॅथी पहिल्याच्या घरातली आहे आणि घर या अर्थाचा होम या दोघांपैकी कुणाचाच नाही.

शब्दकोशात शेजारी आलेले शब्द एका वाड्यातल्या भाडेकरूंसारखे असतात. दारे शेजारी असली तरी आडनावे वेगळी असू शकतात. म्हणून यादी टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही, पण अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या शब्दसंग्रहाच्या पुस्तिका अपवाद सहसा देत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मुलीला इतकेच सांगावे, की आरंभीचा तुकडा झाकल्यावर उरलेल्या भागाला स्वतःचा अर्थ आहे का ते पाहा, आणि नंतर चांगल्या कोशात तो शब्द लॅटिनमधून आला की ग्रीकमधून, ते तपासा. अनहॅपीमधला ‘अन’ झाकला तर हॅपी उरतो. अंकलमधला तोच तुकडा झाकला तर काहीच हाती लागत नाही.

हा सराव आधी मराठीत करून घेतला तर तिला तो खेळच वाटेल. सुपुत्रातला ‘सु’ चांगला, पण सुतारात तो नाही, कारण त्या शब्दाचे नाते सूत्राशी आहे. कुपुत्रातला ‘कु’ वाईट, पण कुलूप अरबी-फारसीतून आलेले आहे. बेइमानातला ‘बे’ बेडकात शोधू नये. बेदाण्यात मात्र तो अवश्य शोधावा, कारण फारसीत ‘दाना’ म्हणजे बी आणि बेदाणा म्हणजे बी नसलेला.