साताऱ्याची प्रिया, इंग्लंडच्या स्कूटरवाल्यांना

भावा, तू विचारलंयस की वडिलांची १९८२ ची प्रिया स्कूटर चालवतोस, इंग्लंडातल्या जुन्या स्कूटरच्या शौकिनांच्या ग्रुपवर तिची ओळख करून द्यायचीय, इंग्रजी कच्चं आहे, काय लिहू. इंग्रजीचं टेन्शन घेऊच नको. मी पहिल्यांदा डिक्शनरी घेऊन बसलो, लहानपणापासून स्कूटरची आवड, वाऱ्याशी नातं वगैरे बारा ओळी लिहिल्या, दोघांनी वेलकम म्हटलं आणि विषय संपला. नंतर एकदा सहज लिहिलं की आमच्याकडं थंड स्कूटर चालू व्हायच्या आधी तिला आडवी करतात, मग किक मारतात, तर त्यावर दोन दिवस गप्पा चालल्या!

तुझ्याकडं सांगण्यासारखं खरं तर लय आहे, आणि ते साताऱ्यातच आहे. प्रिया इथं बनायची, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात. बजाज आणि वेस्टर्न महाराष्ट्र डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन यांनी मिळून १९७५ ला काढलेली ती कंपनी. म्हणजे तुझी गाडी जिथं जन्मली त्याच गावात अजून फिरतीय, आता हे इंग्लंडातल्या वेस्पावाल्याला कुठं मिळणार, त्याची गाडी बहुतेक इटलीहून आलेली. हे पहिल्या दोन ओळीतच टाक.

पण प्रियाला वेस्पा म्हणू नकोस, तिथं लगेच वाद घालणारे निघतात. बजाज पियाजिओच्या, म्हणजे वेस्पा काढणाऱ्या इटलीच्या कंपनीच्या लायसन्सवर वेस्पा बनवायचा, तो करार १९७१ मध्ये संपला, त्यानंतर गाड्या बजाजच्याच नावानं निघाल्या, चेतक पण त्यातलीच. तेव्हा 'वेस्पाच्या घराण्यातली' म्हण, बास. आणि कुणी लॅम्ब्रेटाचा, म्हणजे इटलीच्याच दुसऱ्या जुन्या स्कूटरचा विषय काढला तर सांग की त्यांची इटलीतली सगळी मशिनरी सत्तरच्या दशकात लखनौला आली आणि विजय सुपर स्कूटर तिथं बनली. लॅम्ब्रेटावाले एकदम खूश होतात.

आता जरा कडू गोष्ट. भारतातून किंवा आशियातून जुनी स्कूटर म्हटलं की तिकडचे लोक आधी बिचकतात. इकडून रंग फासून, खाली गंजका पत्रा लपवून, वेगवेगळ्या गाड्यांचे पार्ट जोडून बऱ्याच गाड्या बाहेर विकल्या गेल्यात, त्यामुळं त्यांना वाटतं हा पण विकायला आलाय. म्हणून सरळ लिही, विकायची नाही, वडिलांची आहे. मूळ रंग उडालेला असेल तर उडालेलाच दाखव, त्याला मान आहे तिकडं. फ्रेम नंबर विचारतील, नवल वाटून घेऊ नको, त्यावरनं ते मॉडेल ओळखतात. कुणी खात्रीचा वाटला तर त्याला वेगळा पाठव, सगळ्यांसमोर टाकायचा नाही. आरसीचा फोटो तर अजिबात नको.

एक रस्ता सांग, पण नुसतं कासचं फुलांचं पठार सुंदर आहे म्हणून सोडू नको. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी कशी कण्हते, वर १२०० मीटरच्या आसपास हवा विरळ झाली की मिक्श्चर रिच होऊन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होऊन, प्लगला काजळी कशी धरते, असलं लिही. माझी एकदा तिथंच क्लच केबल तुटली, ऐन फुलांच्या सीझनला, मागं गाड्यांची रांग, आणि मी इंजिन बंद करून पहिला गिअर टाकून, ढकलत धावत चालू करून, क्लच न वापरता गावात आलो. हा किस्सा सांगितल्यावर चौघांनी आपापल्या तुटलेल्या केबलचे फोटो पाठवले, ओळख तिथंच पक्की झाली.

मायलेज माइलमध्ये विचारतील. ४० चं अ‍ॅव्हरेज म्हणजे त्यांच्या गॅलनला ११३ माइल, तो गॅलन साडेचार लिटरचा. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालतोस तेही विचारतील, लिटरला २० मिली म्हण, म्हणजे दोन टक्के, ती भाषा त्यांना समजते.

फोटो पोवई नाक्यावर काढू नको, मागं ट्रॅफिकशिवाय काही येत नाही. मागं अजिंक्यतारा किल्ला येईल असा काढ, इंजिनाची बाजू, म्हणजे उजवी, कॅमेऱ्याकडं, आणि तू बसणार असशील तर हेल्मेट घालून, नायतर स्कूटर राहील बाजूला आणि सगळे तुझ्या डोक्यावरच बोलत बसतील.