हात छातीशी धरून बसू नकोस

बाळा, अनेक आशीर्वाद.

काल तुझ्या आईचा फोन आला. प्लास्टर निघून आठवडा झाला, एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले की हाड जुळलंय, आता हात चालव. आणि तू अजून तो हात छातीशी धरूनच फिरतोस म्हणे. जेवतोस डाव्या हाताने. गणपतीच्या शाळेत जाऊन बसतोस, पण मातीला हात लावत नाहीस. मनगट वळवलं की कळ येते आणि परत मोडलं असं वाटतं, हे तू आईला सांगितलंस. बरं केलंस.

भीती वाटणारच. पाऊस लागला की जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, पाय सरकला की माणूस हात पुढे टेकतो आणि सगळा भार मनगटाजवळच्या हाडावर येतो. आपल्या मालवणात दर पावसाळ्यात असे पेशंट माझ्याकडे येतात. एकदा असं पडल्यावर शरीर त्या हाताची राखण करायला लागतं. या भीतीला वैद्यकात कायनेसिओफोबिया म्हणतात, म्हणजे तुझ्या एकट्याचं हे दुखणं नव्हे.

पण आता येणारी कळ बहुतेक मोडलेल्या हाडाची नसते. सहा आठवडे हात एका जागी राहिला की सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, स्नायू बारीक होतात, शिरा ओढल्यासारख्या वाटतात. भीतीने हात जितका कमी हलवशील तितका तो आखडेल, आणि आखडला की जास्त दुखेल.

सुरुवात बोटांपासून कर. मूठ पूर्ण मिटते का बघ, प्रत्येक बोटाचं टोक तळव्याला लागलं पाहिजे. मग हात कोमट पाण्यात थोडा वेळ ठेव. कोपरापासून पुढचा हात टेबलावर टेकव, मनगट कडेच्या बाहेर राहू दे आणि पंजा हळूहळू वर-खाली कर. सगळ्यात चिवट असतं ते तळवा वर करणं, देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे करतो ना, तसं. हे करताना कोपर कुशीला चिकटलेलं ठेव. नाहीतर खांदा झुकतो, आपल्याला वाटतं मनगट फिरलं, आणि ते तिथेच असतं. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं कर. एकदाच तासभर करून हात सुजवून घेऊ नकोस.

किती दुखलं तर चालेल, हे तू विचारशीलच. व्यायाम करताना ओढ बसली आणि थोड्या वेळात शमली, तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि ठणका वाढलेला असेल, तर निम्मं कर, पण बंद करू नकोस.

काही गोष्टींना मात्र घाबरलंच पाहिजे. अंगठा आणि शेजारची बोटं बधिर झाली, हात तापून लाल-चकचकीत झाला, नुसत्या स्पर्शाने आग होऊ लागली, तर लगेच डॉक्टरांकडे जा. आणखी एक: तळवा टेबलावर पालथा ठेवून अंगठा वर उचलता येतो का, हे रोज बघ. हाड जुळल्यावरही अंगठ्याची शीर, म्हणजे रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, झिजून तुटू शकते. कधी कधी ती न दुखताच तुटते, आणि अंगठा उचलेनासा होतो.

कोणी ओळखीचा हाडवैद्य तेल लावून हात ओढून देतो म्हणाला, तर नम्रपणे नाही म्हण. जोराने ओढलेला सांधा सुजतो आणि मग भीती दुप्पट होते. भरलेली कळशी उचलणं, तळव्यावर भार देऊन उठणं हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको. पकड पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, कधी वर्षही. त्यामुळे यंदा मोठ्या मूर्तीची माती मळायला जाऊ नकोस. पण लिंबाएवढा मऊ शाडूचा गोळा घे आणि बोटांनी दाबत बस. उंदराचे कान करायला तेवढी माती पुरते, आणि तू ते सुरेख करतोस, मी पाहिलंय.

गुरुवारी दुपारी माझ्याकडे ये. तुझं मनगट किती वळतं ते मापून लिहून ठेवू, म्हणजे पुढच्या खेपेला फरक तुलाच दिसेल. सगळे एक्स-रे आण, आणि बाइक घरी ठेवून एसटीने ये.

तुझी,
मावशी