दयाळ गप्प झाला, म्हणजे गेला असं नाही

प्रश्न : आमच्या बागेतला दयाळ उन्हाळाभर पहाटे गात होता. पावसाळा सरत आला तसा तो गायचा थांबला, आता दिसतही नाही. मांजराने मारला असेल का?

मला तसं वाटत नाही. तो बहुधा तुमच्याच बागेत आहे. दयाळ नर गातो तो हद्द राखण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी. दिवस मोठा होऊ लागला की त्याच्या शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि गळा मोकळा होतो. वीण आटोपली की ती ओसरतात, आणि गाणंही थांबतं. पुढे जुनी पिसं गळून नवी येण्याचे दिवस येतात. पंखांतली मोठी पिसं एकदम गळत नाहीत, दोन्ही बाजूंची थोडी थोडी गळतात, त्यामुळे उडता येतं. पण पहिली चपळाई राहत नाही. अशा दिवसांत उंच शेंड्यावर बसून स्वतःला दाखवणं परवडत नाही.

म्हणून आता शेंड्याकडे बघू नका. सकाळी लवकर किंवा दिवेलागणीला झुडपांच्या बुडाशी पाहा. पालापाचोळ्यात किडे टिपत, शेपटी उभारून तो उड्या मारताना दिसेल. गाण्याऐवजी एखादा कोरडा, खरखरीत आवाज काढेल. तो आवाज एकदा ओळखीचा झाला की थंडीतही तुमचा दयाळ तुम्हाला सापडत राहील.

प्रश्न : फुलांवर येणारा छोटा काळा पक्षी आता येत नाही. त्याच्या जागी पिवळट पक्षी येतात. त्यातल्या एकाच्या छातीवर मधोमध काळी रेघ आहे. ही वेगळी जात आहे का?

या प्रश्नाने मला फार आनंद झाला, कारण ती रेघ तुम्ही नीट पाहिली आहे. जात तीच. हा जांभळा शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. लांबी जेमतेम १० सेंटिमीटर. विणीच्या काळात नर लांबून काळा दिसतो. ऊन पडलं की त्यावर जांभळी-निळी झळाळी येते. वीण संपल्यावर हा झगमगीत वेष उतरतो आणि नर जवळपास मादीसारखा दिसू लागतो : वरून मातकट हिरवा, खालून पिवळट. फरक उरतो तो हनुवटीपासून पोटाकडे गेलेल्या त्या काळ्या रेघेचा. मादीला ती नसते.

थंडी सरताना त्याच्याकडे रोज लक्ष ठेवा. पिवळ्यात मधेच काळे ठिपके उमटतात, ते पसरत जातात, काही दिवस पक्षी अगदी ठिगळ लावल्यासारखा दिसतो आणि मग पुन्हा पुरता काळा होतो. मी हे पाहायला दर वर्षी फुललेल्या झुडपाजवळच खुर्ची टाकते. दुर्बिणीचीही गरज पडत नाही.

एक खबरदारी घ्या. जांभळ्या पाठीचा शिंजीरही बागांत येतो. त्याच्या नराची पाठ लालसर तपकिरी, पोट पिवळं. तो असा वेष बदलत नाही, बारा महिने तसाच असतो. वहीत दोघांची गल्लत होऊ देऊ नका.

मार्चनंतर मादीवरही नजर असू द्या. खाली लोंबणारं, बाजूला दार असलेलं घरटं ती एकटीच विणते. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असं काय काय त्यात अडकवते, की लांबून ते फांदीला अडकलेला कचराच वाटावा. बाग 'स्वच्छ' करायच्या भरात अशी लोंबणारी गोष्ट न पाहता ओढून काढू नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न : टांगत्या कुंडीत बुलबुलाने अंडी घातली आहेत. पाणी घालायचं का? आणि तोच बुलबुल खिडकीच्या काचेवर चोची का मारतो?

पाणी जरूर घाला, पण कडेने, रोज साधारण एकाच वेळी, आणि लगेच बाजूला व्हा. घरट्यावर सावली धरणारी पानं छाटू नका. फोटोसाठी पुन्हा पुन्हा डोकावलं, तर कावळ्याला जागा कळते. अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि पिल्लं त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत घरटं सोडतात. तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं. आखूड शेपटीचं, पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं तर घरात आणू नका. जवळच्या झुडपावर ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप त्याला टाकत नाहीत.

काचेतलं प्रतिबिंब त्याला आपल्या हद्दीत घुसलेला दुसरा बुलबुल वाटतं. काच बाहेरून कापडाने किंवा कागदाने झाका. आतला पडदा ओढला तर प्रतिबिंब आणखी ठळक होतं.

प्रश्न : थंडीतले पाहुणे कधी येतात? नोंद कशी ठेवावी?

माझ्या वहीत पहिलं नाव बहुतेक करड्या धोब्याचं असतं, सप्टेंबरातच. ओल्या जमिनीवर शेपटी खालीवर हलवत तो चालतो. हा पक्षी वर्षानुवर्षं त्याच हिरवळीवर परततो, हे पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांतून कळलं आहे. मागाहून थिरथिरा येतो. त्याची तांबूस शेपटी सतत थरथरते. मार्च-एप्रिलपर्यंत दोघेही उत्तरेकडे निघून जातात.

नोंदीत तारीख, वेळ आणि पक्षी काय करत होता एवढं लिहा. नाव माहीत नसलं तर वर्णन लिहा, नाव मागून सापडतं. पहिल्या दिवसाइतकाच शेवटचा दिवसही टिपा. लोक येण्याची तारीख हौसेने लिहितात आणि जाण्याची विसरतात, म्हणून रोजच्या पानावर 'थिरथिरा आज दिसला / नाही दिसला' असं साधं लिहीत जा. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही मोजणी २०१३ पासून जगभर होते. एका जागी किमान १५ मिनिटं पक्षी मोजायचे आणि यादी 'ईबर्ड' या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायची. तुमची बाग छोटी असली तरी चालते; चिमण्या, साळुंक्या, कावळेही मोजायचे असतात, ते गाळू नका.