प्रश्न तुमचे: विंडोज ११ चा अपग्रेड आणि रुसलेले ड्रायव्हर

विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळणे बंद झाले. तेव्हापासून कार्यालयांतून येणारी बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत: अपग्रेड आपोआप होतो, ड्रायव्हर (विंडोज आणि संगणकाचे भाग यांची गाठ घालणारी छोटी सॉफ्टवेअरे) मात्र अडतात. त्यांतली काही निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. आज्ञा आणि कोड इथे देवनागरीत छापले आहेत, टाइप करताना ते रोमन अक्षरांतच करावेत.

प्रश्न: आमच्या पतसंस्थेत साठ संगणक आहेत, तीन मॉडेलचे. रात्री स्क्रिप्ट लावून विंडोज ११ चढवतो आणि सकाळी विंडोज अपडेटने ड्रायव्हर घालायचे, असे ठरले होते. पण एका मॉडेलचे बरेच लॅपटॉप सकाळी पुन्हा विंडोज १० वरच सापडतात. कोड ०एक्ससी१९००१०१ असा येतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर: तुमचा क्रमच उलटा आहे. हा कोड बहुतांश वेळा ड्रायव्हरमुळे सेटअप, म्हणजे विंडोज बसवणारा प्रोग्राम, माघारी फिरल्याचा असतो. म्हणजे ज्या ड्रायव्हरला तुम्ही सकाळी बदलणार होता, त्यानेच रात्री घात केला. ड्रायव्हर अपग्रेडच्या आधी किंवा अपग्रेड चालू असतानाच बदलले पाहिजेत.

आधी नेमका दोषी शोधा. त्या कोडला जोडून दुसरा कोड येतो. तो ०एक्स२ ने सुरू होत असेल तर गाडी सेफ ओएसच्या टप्प्यात (नवे विंडोज सुरू होण्याआधीच्या तात्पुरत्या छोट्या प्रणालीत) अडली. तिथे बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर), डिस्कचा ड्रायव्हर आणि बाहेरून जोडलेल्या वस्तू तपासा. ०एक्स३ म्हणजे पहिला बूट, ०एक्स४ म्हणजे दुसरा. त्यानंतर सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात लॉग्ज, त्यात सेटअपडायग हे फोल्डर पाहा. अलीकडचा सेटअप माघार घेताना स्वतःच निदान चालवतो आणि निकाल तिथे ठेवतो. पुष्कळदा त्यात फाइलचे नावच मिळते. मिळाले नाही तर $विंडोज.~बीटी या लपवलेल्या फोल्डरातला सेटअपअ‍ॅक्ट.लॉग ही सेटअपच्या नोंदींची फाइल वाचावी लागेल. शेवटून वर वाचत गेलात तर वेळ वाचेल.

एकच मॉडेल अडते म्हणता, तेव्हा त्यातला प्रोसेसर इंटेलचा अकराव्या पिढीचा आहे का ते पाहा. या पिढीत इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीच्या ड्रायव्हरची (फाइल आयएनटीसीऑडिओबस.एसवायएस) १०.२९.०.५१५२ आणि १०.३०.०.५१५२ ही दोन व्हर्जन विंडोज ११ वर निळा पडदा आणतात, म्हणजे संगणक कोसळतो. म्हणून मायक्रोसॉफ्टने अशा संगणकांचा अपग्रेडच रोखून धरला होता. सुधारित व्हर्जन १०.२९.००.५७१४ किंवा १०.३०.००.५७१४ आणि त्यापुढची. इथे एक खोच आहे. १०.२९ मधले ५७१४ चालते, पण आकड्याने मोठे दिसणारे १०.३० मधले ५१५२ चालत नाही. “अमुकपेक्षा मोठे असेल तर ठीक” अशी सरळ तुलना करणारी स्क्रिप्ट इथे हमखास फसते. शेवटचा आकडा वेगळा काढून तपासा.

अपग्रेडच्या आठवडाभर आधी प्रत्येक संगणकावर नुसती चाचणी चालवा: सेटअप.एक्सई /ऑटो अपग्रेड /क्वाएट /युला अ‍ॅक्सेप्ट /कॉम्पॅट स्कॅनओन्ली /नोरीबूट. यात काहीही बसवले जात नाही. ०एक्ससी१९००२१० परत आला तर वाट मोकळी आहे. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादे सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर अडवतो आहे, आणि ०एक्ससी१९००२०ई म्हणजे डिस्कवर जागा कमी. या चाचणीच्या निकालांची यादी हातात आल्याशिवाय रात्रीचे काम लावू नका.

प्रश्न: कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हरच्या एक्सई फाइली उतरवल्या, एका शेअर फोल्डरात टाकल्या आणि /इन्स्टॉलड्रायव्हर्सने तो पत्ता दिला. सेटअप त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: पाहणारही नाही. या स्विचला (आज्ञेला जोडायच्या पर्यायाला) फक्त आयएनएफ फाइली कळतात, ज्यांत ड्रायव्हर कसा बसवायचा ते लिहिलेले असते. एक्सई हे वरचे वेष्टन असते. ते उलगडून आतली आयएनएफ, तिची सीएटी आणि एसवायएस फाइल अशी सगळी एकत्र ठेवावी लागतात. डेल, एचपी आणि लेनोव्हो प्रत्येक व्यावसायिक मॉडेलसाठी तयार ड्रायव्हर पॅक देतात. सुटे ड्रायव्हर गोळा करण्यापेक्षा तो घ्या. पॅक मिळत नसेल तर त्याच मॉडेलचा एक संगणक हाताने विंडोज ११ वर नेऊन नीट लावा आणि त्यावर पीएनपीयूटिल /एक्सपोर्ट-ड्रायव्हर * सी:\ड्रायव्हर्स ही आज्ञा चालवा. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर आयएनएफच्या रूपात मिळतील. त्यात प्रिंटरचेही येतात, ते तेवढे वेगळे काढा.

प्रत्येक मॉडेलचे फोल्डर वेगळे हवे. सगळे एकत्र टाकले तरी सेटअप आतली उपफोल्डरे शोधतो, पण मग कुठल्या संगणकाने कुठला ड्रायव्हर उचलला याचा पत्ता लागत नाही. मॉडेल ओळखायला पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीत गेट-सीआयएमइन्स्टन्स विन३२_कॉम्प्युटरसिस्टिम वापरा. जुनी डब्ल्यूएमआयसी आज्ञा विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासून मुळात बंद असते. लेनोव्होत इथे मॉडेलचे नाव येत नाही, मशीन टाइप येतो. त्याची पहिली चार अक्षरे जुळवा.

फोल्डर शेअरवरून चालवू नका, आधी संगणकाच्या डिस्कवर कॉपी करा. सोबत /डायनॅमिकअपडेट नोड्रायव्हर्स द्या, म्हणजे तुम्ही तपासलेल्या ड्रायव्हरच्या जोडीला सेटअप मध्येच विंडोज अपडेटवरून दुसरे आणणार नाही.

हे सगळे करूनही कधीकधी वेगळाच ड्रायव्हर लागलेला दिसतो. दोन ड्रायव्हर हार्डवेअरशी सारखेच जुळत असतील तर विंडोज आधी तारीख बघते, मग व्हर्जन. तुमचा पॅक जुना असेल तर विंडोजसोबत आलेला नव्या तारखेचा ड्रायव्हर बाजी मारतो. कुणी कुणाला हरवले ते सी:\विंडोज\आयएनएफ मधल्या सेटअपएपीआय.डेव्ह.लॉगमध्ये लिहिलेले असते.

प्रश्न: अपग्रेड झाला, पण वजनकाट्याची यूएसबी-सिरियल केबल आणि जीएसटीसाठीचे डिजिटल सहीचे टोकन दोन्ही बंद. (एक वाचक, लातूर)

उत्तर: दोन्हींची कारणे वेगळी. केबल डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या उपकरणांच्या विंडोजच्या यादीत) उघडा. “पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२” असे लिहून येत असेल तर आतली चिप प्रॉलिफिकची जुनी आहे, आणि तिला नव्या ड्रायव्हरचा आधार नाही. जुना ड्रायव्हर घुसवून काही काळ चालते, पण अपडेट येताच पुन्हा तोच खेळ. हा खेळ खेळत बसण्यात अर्थ नाही. नवी केबल घ्या, आणि नव्या केबलचा कॉम पोर्ट नंबर (विंडोज त्या जोडणीला देते तो क्रमांक) जुनाच ठेवा, नाहीतर बिलिंगचे सॉफ्टवेअर काटा सापडत नाही म्हणून ओरडेल.

टोकन विंडोजला स्मार्ट कार्ड रीडर म्हणून सहसा लगेच दिसते. त्यामुळे ड्रायव्हर ठीक वाटतो, पण सही होत नाही. सहीसाठी टोकन बनवणाऱ्या कंपनीचे वेगळे सॉफ्टवेअर लागते. ईपास२००३ आणि प्रॉक्सकी यांची सॉफ्टवेअरेही वेगवेगळी. आधी टोकन काढा, जुने सॉफ्टवेअर काढून टाका, संगणक पुन्हा सुरू करा, नवे बसवा आणि मगच टोकन लावा. टोकन “इनिशियलाइझ” करण्याचा पर्याय दिसला तरी त्याला हात लावू नका. त्याने आतले प्रमाणपत्र पुसले जाते आणि नवे काढावे लागते.

प्रश्न: बायोस आणि ड्रायव्हर एकाच रात्री उरकले तर? शाखेत माणूस नसतो. (एक वाचक, पणजी)

उत्तर: बायोस वेगळ्या रात्री, अपग्रेडच्या आधी. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल आणि तो न थांबवता बायोस बदललात, तर सकाळी पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाईल आणि शाखेतून फोन येईल. मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी: -रीबूटकाउंट २ ही आज्ञा आधी चालवा. दोन रीस्टार्टनंतर संरक्षण आपोआप परत चालू होते. की कुठे जपून ठेवल्या आहेत तेही त्याआधी तपासा.

दूरच्या शाखेत लॅन आणि वायफाय या दोन्हींचे ड्रायव्हर डिस्कवर ठेवलेच पाहिजेत. नेटवर्कचा ड्रायव्हर गेला तर तो नेटवर्कवरून पाठवता येत नाही, मग एसटीने जाणे आले.

प्रश्न: एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर अपडेट करणारे सॉफ्टवेअर घ्यावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नको. उत्पादकाचे स्वतःचे साधन, उदाहरणार्थ डेल कमांड अपडेट, एचपी इमेज असिस्टंट, लेनोव्हो सिस्टिम अपडेट, पुरेसे आहे आणि फुकट आहे.

प्रश्न: अपग्रेडनंतर पंधरा दिवसांनी स्कॅनर बिघडल्याचे कळले. मागे जाण्याचा पर्याय दिसत नाही. (एक वाचक, अमरावती)

उत्तर: मुदत मुळात १० दिवसांची असते, ती उलटून गेली. उरलेल्या संगणकांवर अपग्रेड होताच डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३० चालवा. २ ते ६० दिवसांपर्यंत आकडा देता येतो. तोवर जुने विंडोज जिथे ठेवलेले असते ते विंडोज.ओल्ड फोल्डर कुणी जागा मोकळी करण्याच्या नादात पुसणार नाही, एवढे पाहा. तुमच्या स्कॅनरसाठी आता उत्पादकाचा ६४-बिट ड्रायव्हर शोधणे हाच मार्ग. पूर्वीचे विंडोज १० जर ३२-बिट असेल, तर तो संगणक अपग्रेडने नव्हे, नव्याने विंडोज टाकूनच ११ वर आला असणार, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. मग स्कॅनरसोबत आलेला जुना ३२-बिट ड्रायव्हर कामाचा नाही.