खादाड, अधाशी की आप्पलपोटा?

प्रश्न असा आहे : "उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या दिवसांत) चर्चमधे ख्रिस्ती परंपरेतल्या सात मोठ्या पापांवर मराठीतून बोलायचं आहे. जास्त खाण्याच्या पापाले 'खादाडपणा' म्हटलं तर गावातले लोक हसतील, दुसरा कोणता शब्द चालेल? अन् त्याच्यावर उपाय म्हणून बायबलात 'इंद्रियदमन' आहे, म्हणजे उपाशी राहणं का?"

हसतील हे तर खरंच आहे. आपल्याकडे खादाड ही अर्धी शिवी अन् अर्धं कौतुक. रोडग्याच्या जेवणात कोणी वांग्याच्या भाजीसंग चार रोडगे रिचवले की वाढणारा खूश होऊन पाचवा टाकते, वरून तुपाची धार, 'घ्या ना बावाजी, लाजू नका'. अशा गावात उभं राहून खादाडपणा पाप आहे म्हणाल तर लोक वाढणाऱ्याकडेच पाहतील.

आणखी एक अडचण म्हणजे मराठी बायबलात हा शब्द खुद्द येशूले लावलेला आहे! मत्तय 11:19 काढून पाहा, 'खादाड व दारूबाज मनुष्य', हे लोक त्याच्याबद्दल म्हणत होते, कारण तो जकातदारांसंग अन् पापी म्हटलेल्या लोकांसंग पंगतीले बसत होता. म्हणजे ताटात किती पडलं हे मोजणारे लोक वेगळे अन् पाप वेगळं. बायबलातल्याच नीतिसूत्रात खादाड शब्द सरळ अर्थानं येतेच, 'मद्यपी अन् खादाड दरिद्री होतात' अशा धर्तीवर, पण तिथंही तो सवय दाखवते, एका दिवसाचं जेवण नाही.

हे पाप यादीत आलं ते चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांकडून. एव्हाग्रियस नावाच्या साधूनं आठ वाईट विचारांची यादी केली त्यात हेच पहिलं होतं, ग्रीकमधे गास्त्रिमार्गिया, म्हणजे शब्दशः पोटाचं वेड. लॅटिनमधे ते गुला झालं, म्हणजे गळा. पुढं पोप ग्रेगरी (590 ते 604) यांनी सातची यादी पक्की केली अन् या पापाचे पाच प्रकार सांगितले, अन् तुमच्या भाषणाचा खरा माल इथंच आहे : वेळेआधी खाणं, भारीच पाहिजे म्हणणं, फार खाणं, तुटून पडून खाणं अन् नखरे करून खाणं. पाचातला एकच प्रकार खादाड या शब्दात बसते! बाकीच्या चाराले आपल्याकडे वेगळे शब्द आहेत, चटोर, जिभेचे चोचले, हपापलेला, वखवखलेला. तुटून पडण्याचं उदाहरण ग्रेगरींनी बायबलातल्या एसावाचं दिलं. काय होतं त्याच्यापुढं? मसुरीचं वरण अन् भाकर, गरिबाचं जेवण, ना मटण ना मिठाई, पण त्यासाठी गड्यानं थोरल्याचा हक्क भावाले विकून टाकला. त्याले खादाड म्हणता येत नाही, अधाशी म्हणता येते. म्हणून माझं मत अधाशीपणा या शब्दाले, यात प्रमाण नाही तर हाव दिसते.

आता आप्पलपोटा. हा शब्द मले तर सगळ्यात जवळचा वाटते, फक्त तो सात पापांच्या यादीतला शब्द म्हणून रुळलेला नाही. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाले जमलेले लोक आपआपलं आधीच खाऊन घेत, एक उपाशी अन् दुसरा पिऊन टर्र, यावर पौल, म्हणजे या मंडळ्यांले पत्रं लिहिणारा प्रेषित, चांगलाच तापला आहे (1 करिंथ 11). यहेज्केल 16:49 मधे सदोम या पापी नगराचा दोष सांगताना गर्व अन् भरपूर अन्न याच्यासंग हे आहे की गरिबाले हात दिला नाही. आपलंच पोट पाहणारा तो आप्पलपोटा, याच्याइतका नेमका शब्द मले तरी सापडला नाही.

इंद्रियदमनाबद्दल. गलतीकर 5:22-23 मधे पवित्र आत्म्याच्या फळाची यादी प्रीतीपासून सुरू होते अन् इंद्रियदमनावर संपते. मूळ ग्रीक शब्द एन्क्राटेया, स्वतःवर सत्ता असणं. दमन म्हटलं की आज आपल्याले पोलीसची लाठी आठवते, पण शम-दम मधला तो जुना दम आहे, चांगल्या घरचा शब्द. अन् मुख्य म्हणजे तो फळात मोजला आहे, म्हणजे माणसानं एकट्यानं दात-ओठ खाऊन मिळवलेली कमाई नाही, आत्मा आत काम करते तेव्हा येणारी गोष्ट. मेहनत नाकारली नाही, पौल स्वतः म्हणते 'मी आपले शरीर कुदलतो', मुष्टियुद्धातली भाषा आहे ती, पण तोच पौल कलस्सैकरांस लिहिते की नुसत्या देहदंडानं हाव आटोक्यात येत नाही.

त्यामुळं इंद्रियदमन म्हणजे उपाशी राहणं नाही. उपास त्याचं एक साधन, अन् तेही कसं कराल त्यावर आहे. एकादशी दुप्पट खाशी हे आपल्याले माहीत आहेच, सकाळभर मन साबुदाण्याच्या खिचडीत अडकलेलं असलं तर ग्रेगरींचा नखऱ्याचा प्रकार लागू झाला. यशया 58 मधे देवाले आवडणारा उपास सांगितला आहे तो असा की आपली भाकर भुकेल्याले वाटून द्या, म्हणजे पुन्हा आप्पलपोटेपणावरच औषध.

तर शीर्षकात अधाशीपणा ठेवा, समजावताना आप्पलपोटा वापरा, अन् खादाड शब्द मत्तयच्या वचनापुरता राखा. संयम म्हटलं तर लोकांले लवकर समजते, पण वचन वाचताना इंद्रियदमनच वाचा, बदलू नका. हावरट टाळा, तो शब्द आपण लहान पोरांले लाडानं म्हणतो. अन् बकासुर तर नकोच, लोक भीमाच्या गाड्याची गोष्ट काढून बसतील.