पिकअप सकाळी उठत नाही, लाईट विझत नाही

पेट्रोल आणि सीएनजी पिकअपवाल्यांची पत्रं एकाच वळणाने येतात. सकाळी सेल्फ खूप खातो, डॅशबोर्डवर चेक इंजिनची लाईट पेटते, स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड दिसतो, म्हणजे इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, मिश्रण लीन झालंय. आणि पत्र लिहीपर्यंत दोन-तीन पार्ट बदलूनही झालेले असतात. थोडी उत्तरं इथे देतो.

प्रश्न : पेट्रोल पिकअप आहे. सकाळी चार-पाचदा सेल्फ मारल्यावर सुरू होते. पी०१७१ आला म्हणून फिटरने ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड पुसला. आठवड्यात लाईट परत आली. आता तो आणखी भारी कंपनीचा सेन्सर टाकू म्हणतो. टाकू का? (मोहोळ)

नका टाकू. सायलेन्सरच्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे, एवढंच तो सेन्सर सांगत होता, आणि बहुतेक वेळा खरंच सांगत होता. चोर आला म्हणून ओरडणाऱ्या राखणदारालाच तुम्ही कामावरून काढलंत.

दुसरं असं की सकाळी गार इंजिनावर सेल्फ मारताना इंजिनचा कॉम्प्युटर या सेन्सरकडे बघतच नाही. सेन्सर तापल्याशिवाय काम करत नाही. तोवर पेट्रोल किती सोडायचं हे पाण्याचं तापमान आणि हवेचा दाब बघून ठरतं. म्हणजे सकाळच्या त्रासाचा या सेन्सरशी संबंधच नाही. दोन्ही त्रास एका कारणाचे असतील, तर ते कारण पेट्रोलच्या दाबात किंवा चोरून शिरणाऱ्या हवेत शोधायचं.

आता कोड पुसण्याबद्दल, कारण यावर मी बोलून बोलून थकलो आहे. कोड पडतो त्या क्षणाची नोंद कॉम्प्युटर ठेवतो: वेग किती, लोड किती, पाणी किती तापलेलं. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ती नोंद गेली. शिवाय कमी पडणारं पेट्रोल भरून काढायला कॉम्प्युटर जे शिकलेला असतो, म्हणजे फ्युएल ट्रिम, तेही शून्यावर येतं. मग तो पुन्हा शिकेपर्यंत लाईट येत नाही, आणि तेवढ्या दिवसांत ‘सेन्सरने काम झालं’ म्हणून बिल फाडून मोकळे! बॅटरीची टर्मिनल काढून ठेवली तरी बहुतेक गाड्यांत हेच होतं. म्हणून आधी सगळे आकडे लिहून घ्या, फोटो काढा. पुसायचं ते दुरुस्ती झाल्यावर.

ट्रिम साधारण दहा टक्क्यांच्या आत वर-खाली असली तर काळजी नाही. ती +२५ टक्क्यांच्या आसपास गेली की बहुतेक गाड्यांत पी०१७१ पडतो. ती एकदा आयडलला, म्हणजे रेस न देता, बघायची, एकदा २५०० आरपीएमला, आणि एकदा माल भरून चढावर. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल तर मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा वाटणाऱ्या नळीवर, कुठेतरी फाटका पाईप किंवा गॅस्केट हवा ओढतंय. पण बऱ्याच छोट्या पिकअपमध्ये हवा मोजणारा सेन्सर नसतो, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा असतो. तिथे हवा चोरली तर कोडऐवजी आयडलच चढलेलं दिसतं, हे फिटरच्या ध्यानात असायला हवं. लोडवर ट्रिम चढत असेल तर पेट्रोल पुरत नाही: पंप थकलाय, टाकीतली जाळी बुजलीय किंवा पेट्रोल फवारणारे इंजेक्टर चोंदलेत. सेन्सरच्या आधी सायलेन्सरची गॅस्केट फुटली असेल तर बाहेरची हवा आत जाऊन खोटा लीनही दिसतो.

घरी एवढं करून बघा. सकाळी चावी ऑन करा, टाकीतल्या पंपाची घरघर थांबू द्या, बंद करा, असं दोन-तीनदा केल्यावर सेल्फ मारा. लगेच उठली तर रात्रभरात लाईनचा दाब उतरतोय असा संशय घ्यायचा. पंपातला व्हॉल्व्ह, रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. हा संशय झाला, निदान नव्हे. निदान पेट्रोलचा दाब मोजणारं गेज लावूनच होतं. अशा गाड्यांत दाब बहुधा तीन ते चार बार असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचा. ज्याच्याकडे गेज नाही त्याच्याकडे पंप बदलायला जाऊ नका.

प्रश्न : ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर घेऊन ठेवावा का? (अक्कलकोट रोड, सोलापूर)

घ्या. वाचायला, पुसायला नाही.

प्रश्न : गाडी कायम सीएनजीवर चालते. पेट्रोल रिझर्व्हला ठेवतो, लागतंच किती! आता सकाळी सुरू होत नाही. गॅस किटवाला म्हणतो, ट्युनिंग करून देतो. (बार्शी)

तुमची गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाते का? तसं असेल तर उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून गार राहतो. तळाला दोन लिटर गढूळ पेट्रोल ठेवून वर्ष काढलं की तो कोरडा पडून जळतो. महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलमधला पटकन पेटणारा भाग उडून जातो, मग गार इंजिनाला ते पेट घेत नाही. न वापरलेल्या इंजेक्टरवर चिकट थर बसतो तो वेगळाच. पाव टाकी ठेवा, आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

ट्युनिंग लगेच नको. लीन कोड पेट्रोलवरही येतो की फक्त गॅसवर, हे आधी बघा. फक्त गॅसवर येत असेल तर गॅसचा फिल्टर, गॅसचा दाब उतरवणारा रेड्युसर, मग ट्युनिंग. बाहेरून बसवलेल्या किटचं ट्युनिंग बिघडलं असेल तर गॅसवर शिकलेली चुकीची ट्रिम पेट्रोललाही लागू होते आणि दोन्हीकडे गाडी रडते. गॅसच्या लाईनला मात्र घरी पाना लावायचा नाही. ते काम अधिकृत किटवाल्याचंच.

प्रश्न : ई२० पेट्रोलमुळे लीन कोड येतो का? सगळे म्हणतात, टाकीत उसाचा रसच भरतात. (माळशिरस)

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून असं म्हणू नका. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला एका किलोमागे साधारण १४.७ किलो हवा, ई१० ला १४.१ च्या आसपास, ई२० ला साडेतेराच्या. ई१० वरून ई२० वर आल्यावर ट्रिम चार-पाच टक्के वाढते, ती कॉम्प्युटर सांभाळतो. एवढ्याने पी०१७१ पडत नाही. आधीच दमलेल्या पंपावर हे ओझं पडलं तर पडेल, पण दोष पंपाचा.

जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि सील मात्र तपासून घ्या. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीला ई२० चालतं का, हे मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, पंपावरच्या पोऱ्याला नाही. आणि पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट ठेवा. पाणी शिरलं तर इथेनॉल ते ओढून घेतं आणि दोघं मिळून तळाला बसतात.

प्रश्न : इंजेक्टर साफ करायची बाटली? पेट्रोल लाईनवरचं मॅग्नेट? (होटगी रोड)

मॅग्नेट नाही. बाटली दाब मोजल्यावर, तीही गरज असेल तर.

प्रश्न : मे महिन्यात मार्केट यार्डात पंधरा मिनिटं बंद ठेवली की दुपारी सुरू होत नाही. तासाभराने होते. सकाळी काही त्रास नाही. (सोलापूर)

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का ते बघा. अजिबात हलत नसेल तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा क्रँक सेन्सर तापून मरत असेल. हलत असेल तर उष्णतेने लाईनमध्ये वाफ धरत असेल किंवा गरम इंजेक्टर गळत असेल. बॅटरीही तपासा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. बिघाड दिसतो तेव्हाच, म्हणजे दुपारी, गाडी दाखवा.

प्रश्न : डिझेल पिकअपला पी००८७ आलाय, फिटर म्हणतो लीन झाली. पाईप ढिले करून हवा काढू का? (सांगोला)

डिझेल इंजिन जास्त हवेवरच चालतं, तिथे हा लीनचा हिशेब लागू नाही. पी००८७ म्हणजे रेलमधला, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कमी. आधी डिझेल फिल्टर, त्यातलं पाणी, आणि टाकीकडून हवा ओढली जातेय का ते बघा. इंजिन चालू असताना कॉमन रेलचे पाईप कधीही ढिले करू नका. तिथे दाब हजार बारच्याही वर जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. टोचल्याएवढी खूण दिसली तरी तसंच दवाखान्यात जायचं.

प्रश्न : डाळिंबाचा हंगाम चालू आहे. लाईट पेटलेली आहे, हंगाम संपल्यावर दाखवली तर चालेल का? (पंढरपूर)

लाईट स्थिर आहे की लुकलुकते, हे तुम्ही लिहिलंच नाही. लुकलुकत असेल तर इंजिन मिस होतंय आणि न जळलेल्या पेट्रोलमुळे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतोय. भरलेला माल दुसऱ्या गाडीत टाका आणि गाडी थांबवा. स्थिर असेल तरी लीन इंजिनाला महिनाभर ओझं वाहायला लावू नका. हंगामात वेळ नाही म्हणता, तर गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला लावून या, म्हणजे सकाळी गार इंजिनावर पहिला सेल्फ फिटर गेज लावून मारेल. तुम्ही आधी सुरू करून दाखवू नका.