बिगक्वेरीत (गूगलची डेटा साठवण्याची आणि त्यावर क्वेऱ्या चालवण्याची सेवा) लिमिट, म्हणजे किती ओळी दाखवायच्या याची मर्यादा, लावल्याने खर्च कमी होतो का? नवशिक्याने क्वेऱ्या शिकायला कुठून सुरुवात करावी?

नाही होत. 'आधी सिलेक्ट स्टार, पुढे लिमिट १०, मग बघू' हे ज्याने तुम्हाला शिकवलं, त्याने जुन्या डेटाबेसची सवय तुमच्या गळ्यात मारली आहे.

बिगक्वेरी डेटा कॉलमवार साठवते. ऑन-डिमांड दरात (जितकं वापराल तितके पैसे) पैसे लागतात ते किती डेटा वाचला त्याचे, किती ओळी दिसल्या त्याचे नाहीत. स्टार टाकला की सगळे कॉलम वाचले जातात.

आमच्या टीममधले एक सीनियर प्रत्येक नव्या मुलाला तेच 'स्टार आणि लिमिट' सांगायचे. एकदा मी भर मीटिंगमध्ये बिगक्वेरीचा एडिटर उघडला. क्वेरी न चालवताच किती डेटा वाचला जाईल तो आकडा तिथे दिसतो. लिमिट लावून आणि काढून, आकडा तोच. मग स्टार खोडून तीनच कॉलम लिहिले, तारखेच्या पार्टिशनवर (तारखेनुसार पाडलेल्या टेबलच्या भागांवर) व्हेअरची अट लावली, तर आकडा धाडकन खाली. त्यावर ते म्हणाले, "इतक्या बारकाव्यात शिरलो तर मुलं काम कधी शिकणार?" पुढे बिल फुगलं तेव्हा बोलणी खाल्ली त्याच मुलांनी. ते मला आजही खुपतं. डेटा किती वाचला जातो हा बारकावा नाही, हाच पहिला धडा आहे.

नुसत्या ओळी बघायच्या असतील तर टेबलचा प्रिव्ह्यू उघडा, त्याला पैसे पडत नाहीत. सरावासाठी महिन्याला पहिला १ टेबीबाइट फुकट असतो, तो पुष्कळ आहे. क्वेरी सेटिंगमध्ये जास्तीत जास्त किती बाइट्सचं बिल व्हावं याची मर्यादा घाला. ती ओलांडणारी क्वेरी चालतच नाही आणि पैसेही लागत नाहीत. शिकण्याचा क्रम म्हणाल तर ओळी गाळणारं व्हेअर, ओळींचे गट करणारं ग्रुप बाय, मग टेबलं जोडणारं जॉइन. ओळी मोजणाऱ्या काउंटमध्ये कॉलमचं नाव दिलं तर त्या कॉलममध्ये नल (किंमतच नाही) असलेल्या ओळी मोजल्या जात नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

हो, टेबल क्लस्टर केलेलं (ठरावीक कॉलमनुसार लावून ठेवलेलं) असेल तर लिमिटने वाचन कमी होऊ शकतं. स्लॉट (क्वेऱ्या चालवण्याची क्षमता) विकत घेतले असतील तर बिलाचा हिशेबच वेगळा. स्नोफ्लेक या दुसऱ्या कंपनीच्या अशाच सेवेत पैसे वेअरहाउस (क्वेऱ्या चालवणारी यंत्रणा) चालू असल्याच्या वेळेचे, दर वेळी सुरू केलं की किमान ६० सेकंदांचे.

तरीही तुमचे सीनियर लिमिटवरच अडून बसले, तर वाद घालू नका. त्यांच्यासमोर एडिटर उघडा, लिमिट लावलेली आणि न लावलेली, दोन्ही क्वेऱ्या लिहा आणि आकडे त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.